उशींतील हस्तलिखित : ब्रह्मदेशांतील अमेरिकन मिशन-मंडळी व तिचें ग्रंथकार्य (१८१३–१८५०)

मराठी वाचकांस ब्रह्मदेशाचें स्मरण बहुधा रत्नागिरीच्या थिबा राजामुळें होतें. १८८५ मध्यें पदच्युत झालेला हा राजा १८८६ पासून १९१६ मध्यें मरेपर्यंत रत्नागिरीस होता, व त्याचा वाडा आजहि तेथें उभा आहे. परंतु महाराष्ट्राचा व ब्रह्मदेशाचा आणखी एक संबंध याहून सुमारें सत्तर वर्षें जुना असून तो आमच्याकडे क्वचितच सांगितला जातो. १८१२ मध्यें अमेरिकेंतील सेलम गांवीं एकाच दिवशीं पांच तरुणांस धर्मोपदेशकाची दीक्षा देण्यांत आली. त्यांपैकीं तिघे मुंबईस येऊन तेथील अमेरिकन मराठी मिशनचे आद्य पुरुष झाले. चौथा ब्रह्मदेशांत गेला. त्या चौथ्याची व त्याच्या सोबत्यांची हकीगत येथें सांगावयाची आहे.

हा विषय हातीं घेण्यास एक खाजगी कारण आहे, तें प्रथमच सांगून टाकितों. तीस वर्षांपूर्वीं एका जुन्या वाड्यांतील दप्तर उघडलें जात असतां पोथ्या निवडण्याचें काम आमच्याकडे आलें होतें. संस्कृत पोथ्या आम्हीं वेगळ्या काढिल्या, मोडी कागद एका बाजूस ठेविले, आणि मिशनऱ्यांनीं छापलेल्या लहानसहान पुस्तकांचा एक गठ्ठा न सोडतांच रद्दींत जाऊं दिला. 'ह्यांत काय असणार', हे शब्द आमचेच होते. वरच्या पुस्तकाचे ठसे मोडी होते एवढें मात्र ओझरतें दिसलें होतें. मोडी ठशांचीं पुस्तकें किती दुर्मिळ आहेत हें आम्हांस मागाहून कळलें, तोंपर्यंत त्या गठ्ठ्याच्या पुड्या बांधून झाल्या होत्या. अशा पुस्तकांच्या मागें कोणते श्रम असतात याचा शोध आम्ही त्यानंतर घेऊं लागलों. त्या वाचनांत ब्रह्मदेशची हकीगत आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटली.

१. एका दिवशींची दीक्षा

आडोनिराम जडसन, सॅम्युएल न्यूएल, सॅम्युएल नॉट, गॉर्डन हॉल व ल्यूथर राइस हे ते पांच जण. दीक्षेचा दिवस ६ फेब्रुवारी १८१२ हा होय. आदल्याच दिवशीं जडसनचा विवाह ॲन हॅसेल्टाइन हिच्याशीं झाला होता. जडसन व न्यूएल हीं दोन जोडपीं सेलमहून, व बाकीची मंडळी फिलाडेल्फियाहून, अशा दोन गलबतांनीं सर्वजण कलकत्त्यास आले. कंपनी सरकारास त्या वेळीं आपल्या मुलखांत मिशनरी नको होते; त्यांतच त्याच वर्षीं इंग्लंड व अमेरिका यांचें युद्ध जुंपलें. सर्वांस निघून जाण्याचा हुकूम झाला. न्यूएल पतिपत्नी मॉरिशस बेटास गेलीं. तेथें त्याची अवघ्या एकोणीस वर्षांची पत्नी हॅरिएट वर्ष संपण्यापूर्वींच वारली. हॉल व नॉट १८१३ च्या फेब्रुवारींत मुंबईस उतरले. तेथूनहि त्यांस घालवून देण्याचा घाट होता. परंतु त्याच वर्षीं कंपनीची सनद नवी करण्यांत येऊन मिशनऱ्यांस वाट मोकळी झाली. न्यूएल मागाहून मुंबईसच येऊन मिळाला. तो १८२१ मध्यें व हॉल १८२६ मध्यें, दोघेहि पटकीनें वारले. मुंबईचा अमेरिकन छापखाना आणि १८४२ मध्यें अहमदनगरास सुरू झालेलें 'ज्ञानोदय' पत्र हीं त्यांनीं लाविलेल्या झाडाचींच फळें आहेत.

जडसनची वाट वेगळी झाली ती एका धर्मशास्त्रीय शंकेमुळें. लहान मुलावर पाणी शिंपडून दिलेला बाप्तिस्मा खरा, कीं समजत्या माणसानें श्रद्धापूर्वक पाण्यांत बुडून घेतलेला खरा, ह्या प्रश्नाचा त्यानें समुद्रप्रवासांत विचार केला व दुसरा पक्ष स्वीकारिला. कलकत्त्यास त्यानें व ॲननें तसा बाप्तिस्मा घेतला. परिणाम असा झाला कीं, ज्या संस्थेनें त्यांस पाठविलें होतें तिचा आधार परक्या देशांत सुटला. राइसचेंहि मत तसेंच झालें. तो अमेरिकेस परतला, आणि त्याच्या खटपटीनें १८१४ मध्यें बॅप्टिस्ट पंथाची मिशनसंस्था उभी राहिली. तीस रंगूनमधील आपला पहिला उपदेशक आयताच मिळाला. कारण जडसन पतिपत्नी मद्रासमार्गें १३ जुलै १८१३ रोजीं रंगूनास पोंचलीं होतीं.

२. मंडळी आणि तिची कामाची वांटणी

ब्रह्मदेशांत ख्रिस्ती धर्मोपदेशक पूर्वीं आले नव्हते असें नाहीं. इटलीतील कॅथलिक पाद्री अठराव्या शतकांत तेथें होते, व त्यांच्या श्रमांमुळें ब्रह्मी लिपीचें पहिलें मुद्रित पुस्तक १७७६ मध्यें रोम येथें निघालें. जडसन आला तेव्हां रंगूनांत विल्यम कॅरीचा मुलगा फेलिक्स कॅरी रहात होता. त्याचें ब्रह्मी भाषेचें व्याकरण १८१४ मध्यें बंगालांतील सेरामपूर येथें प्रसिद्ध झालें. त्याच वर्षीं राजधानीकडे जात असतां इरावतींत नाव उलटून त्याची पत्नी व मुलें बुडालीं, आणि तो मिशनच्या कामांतून निघाला.

सेरामपूरचें नांव आमच्या संग्राहकांस परकें नाहीं. विल्यम कॅरीचें मराठी व्याकरण (१८०५) व मोडी ठशांतील मराठी कोश (१८१०) हीं तेथलींच. त्याच छापखान्यानें एक दाबयंत्र व ब्रह्मी ठसे रंगूनच्या मंडळीस देणगी दिले, आणि ते चालविण्यास जॉर्ज हफ हा मुद्रक १८१६ मध्यें रंगूनास आला. पुढल्या वर्षीं जडसननें लिहिलेल्या ख्रिस्ती धर्माच्या सारांशाच्या १,००० प्रती, ॲननें केलेल्या प्रश्नोत्तरावलीच्या ३,००० प्रती व मत्तयाचें शुभवर्तमान छापून निघालें. ताडपत्रावर लोखंडी लेखणीनें कोरून पोथ्या करणाऱ्या देशांत छापील कागद अवतरला तो असा.

मिशन म्हटलें कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें एक उपदेशक उभा रहातो. वस्तुतः ही एक मंडळी असते व तींत प्रत्येकाचें काम ठरलेलें असतें. येथें जडसन हा भाषांतरकार व उपदेशक. हफ हा मुद्रक. पुढें आलेला जोनाथन प्राइस हा वैद्य. ॲन हिचें काम स्त्रियांत शिकविण्याचें. ती बाजार करी, घर चालवी, आणि त्यामुळें बोलती भाषा नवऱ्याच्या आधीं शिकली. रंगूनांत सयामी लोकांची वस्ती होती म्हणून ती सयामी भाषाहि शिकली. तिनें केलेली सयामी प्रश्नोत्तरावली १८१९ मध्यें सेरामपूर येथें छापली गेली.

त्याच वर्षीं जडसननें श्वेडगोन देवालयाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक 'झयात' बांधिली. झयात म्हणजे वाटसरूंनीं टेंकावें, गप्पा कराव्या, भिक्षूंचा उपदेश ऐकावा अशी उघडी धर्मशाळा. आमच्याकडील गांवच्या चावडीची आठवण व्हावी अशी. चर्चची इमारत उभारून लोकांस आंत बोलाविण्याऐवजीं त्या देशाच्याच रीतीनें बसण्याची ही कल्पना आम्हांस शहाणपणाची वाटते. २७ जून १८१९ रोजीं मौंग नौ नांवाच्या पहिल्या ब्रह्मी माणसानें बाप्तिस्मा घेतला. मंडळीस रंगूनांत येऊन तेव्हां सहा वर्षें होत आलीं होतीं.

मंडळीस मोजावी लागलेली किंमत एका परिच्छेदांत सांगतां येते. जडसनचा पहिला मुलगा रॉजर १८१६ मध्यें आठ महिन्यांचा होऊन वारला. १८१८ मध्यें आलेल्या दोघां तरुणांपैकीं व्हीलॉक हा तापाच्या वातांत बंगालच्या वाटेवर समुद्रांत पडून गेला, व कोलमन हा १८२२ मध्यें आराकानच्या सीमेवर वारला. प्राइस १८२८ मध्यें क्षयानें गेला. ॲनचें व तिच्या मुलीचें पुढें येईलच.

३. अनित्याच्या देशांत नित्याची भाषा

आमच्या मतें ह्या हकीगतीचें मर्म येथें आहे. ब्रह्मी लिपि ब्राह्मीच्या कुळांतली असून तिची वर्णमाला क, ख, ग, घ, ङ अशीच चालते. तींत शब्द तोडून लिहिण्याची चाल नाहीं; मोडी वाचणाऱ्यास ही अडचण नवी वाटणार नाहीं. बोलती भाषा मात्र निराळ्याच कुळांतली आहे. परंतु धर्मासंबंधीं गंभीर शब्द जो जो निघेल तो तो पालींतून आलेला असतो. म्हणून जडसनला ब्रह्मी भाषेबरोबर पालीहि शिकावी लागली. ज्या धर्माचें खंडन करावयाचें त्याच धर्माच्या शब्दांनीं आपला धर्म सांगावयाचा, असा हा प्रसंग होता.

बौद्धमतीं जें जें हेतुप्रत्ययांनीं घडलेलें आहे तें तें अनित्य आहे; जगास कर्ता नाहीं; टिकून रहाणारा असा आत्माहि नाहीं. अशा लोकांस सृष्टिकर्त्या नित्य ईश्वराची गोष्ट सांगावयाची. जडसनच्या पहिल्या पुस्तिकेचा आरंभ असा कीं, एक सत्त्व नित्य आहे, त्यास व्याधि, जरा व मरण हीं नाहींत. बुद्धचरित्र ज्यांनीं वाचिलें आहे त्यांस ह्या तीन शब्दांचें महत्त्व सांगावयास नको. राजपुत्र सिद्धार्थास घराबाहेर काढणारीं तीं हींच तीन दर्शनें. ब्रह्मदेशांतील मूल न् मूल तीं जाणतें. लेखकानें आपलें उत्तर दिलें तें त्या देशाच्या प्रश्नास दिलें.

१८२० च्या जानेवारींत जडसन व कोलमन राजधानीस जाऊन राजा बागीडॉ याच्यापुढें उभे राहिले. हा बागीडॉ म्हणजे आमच्या थिबाच्या आजाचा वडील बंधु. नजराणा म्हणून त्यांनीं बायबलाचे सहा भाग सोन्याच्या वर्खानें मढवून नेले होते. प्रजेपैकीं कोणीं नवा धर्म घेतल्यास त्यास दंड होऊं नये एवढेंच मागणें होतें. राजानें अर्ज ऐकून घेतला, पुस्तिका हातीं घेऊन पहिलीं दोन वाक्यें वाचिलीं, आणि ती जमिनीवर टाकून दिली. मिशनरी चरित्रकार ह्यांत राजाचा गर्व पहातात. गर्व असेलहि. परंतु आम्हांस असें वाटतें कीं, राजानें नेमकें काय वाचिलें हें विसरूं नये. तीं दोन वाक्यें नित्य ईश्वर एकच आहे व त्यावांचून दुसरा नाहीं हें सांगत होतीं. धर्मरक्षक म्हणून सिंहासनावर बसलेल्या बौद्ध राजास तो सिद्धांत मान्य करतां येण्याजोगा नव्हता, व तो त्यास समजला होता. समजून केलेला नकार हाहि एक प्रकारें भाषांतरकाराच्या यशाचा दाखला आहे.

आतां कांहीं शब्द पाहूं. ब्रह्मी बायबलांत परमेश्वराच्या नांवासाठीं 'थावर फया' असा जोड योजिला आहे. 'फया' हा शब्द तेथें बुद्धास, त्याच्या मूर्तीस, पॅगोडास, तसाच भिक्षूस व राजास संबोधितांनाहि लावितात. 'थावर' हें पाली रूप; संस्कृत 'स्थावर'. आमच्या मराठींत हा शब्द जंगमाच्या जोडीस बसून घरें, शेतें व कोर्टकज्जे यांत अडकून पडला. ब्रह्मी भाषेंत तोच 'शाश्वत' ह्या अर्थानें ईश्वरापाशीं व अनंत जीवनापाशीं जाऊन बसला.

दुसरा शब्द 'विञ्ञाण', संस्कृत 'विज्ञान'. मराठी बायबलांत ज्यास 'पवित्र आत्मा' म्हटलें आहे त्यासाठीं ब्रह्मी बायबलांत ह्या शब्दापासून झालेलें रूप आहे. 'आत्मा' हा शब्द तेथें कां आला नाहीं? आमचें अनुमान असें कीं, बौद्ध परंपरेंत 'अत्ता' हा शब्दच मुळीं नाकारण्यासाठीं उच्चारला जातो. 'अनत्ता' हा ज्या धर्माचा पाया, तेथें अत्त्यावर इमारत कशी बांधावी? पंडितांच्या अभिधर्मांत विञ्ञाण क्षणोक्षणीं उपजतें व निमतें. परंतु ब्रह्मी लोकभाषेंत त्यास जीव असा अर्थ आलेला होता, व तोच भाषांतरकारानें धरिला. एकच विज्ञान शब्द आमच्या शाळांत पदार्थविज्ञान शिकवितो, विहारांत क्षणिक चित्त दाखवितो, आणि तेथील चर्चमध्यें पवित्र आत्मा होतो.

तिसरा शब्द ग्रंथाच्या नांवांतच आहे. ब्रह्मी भाषेंत बायबलास 'सम्मा-क्यान' म्हणतात. 'क्यान' म्हणजे शास्त्रग्रंथ. 'सम्मा' म्हणजे संस्कृत 'सम्यक्'. सम्यक् दृष्टि, सम्यक् संकल्प अशीं अष्टांगमार्गाचीं आठहि अंगें ज्या शब्दानें सुरू होतात, तोच हा. बुद्धाच्या मार्गावरील मैलाचा दगड उचलून ख्रिस्ती ग्रंथाच्या दारावर बसविला, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. धर्मानंद कोसंबींच्या पिढीपासून महाराष्ट्रांत पालीचा अभ्यास सुरू आहे. त्या अभ्यासकांनीं ब्रह्मी बायबलाकडे पाली शब्दांचें एक भांडार म्हणूनहि पहावें अशी आमची सूचना आहे.

४. उशी

जडसनचें नव्या कराराचें भाषांतर १८२३ च्या जुलैंत पुरें झालें. प्राइसच्या शस्त्रवैद्यकाची कीर्ति ऐकून राजानें त्यास बोलाविलें होतें. त्याच्या मागोमाग १८२४ च्या आरंभीं जडसन व ॲन हीं आवा राजधानींत रहावयास गेलीं. हस्तलिखित त्यांच्याबरोबर होतें. मार्चांत इंग्रजांनीं ब्रह्मदेशाशीं युद्ध पुकारिलें, व ११ मे रोजीं रंगून घेतलें. ८ जून रोजीं जडसनला घरांतून धरून तुरुंगांत टाकिलें. प्राइस व इतर गोरे लोकहि तेथेंच आले. पायांत बेड्यांचे तीन जोड. रात्रीं सर्व कैद्यांच्या पायांतून एक बांबू घालून तो वर ओढून घेत, म्हणजे पाय अधांतरीं व खांदे भुईस.

ॲननें प्रथम हस्तलिखित घराच्या जमिनींत पुरलें. पावसाळा लागल्यावर तें कुजेल ह्या भीतीनें उकरून काढिलें, आणि कापसाबरोबर एका उशींत शिवून टाकिलें. उशी मुद्दाम इतकी कठीण व गबाळी केली कीं, तुरुंगाच्या रखवालदारांसहि तिचा लोभ सुटूं नये. त्या उशीवर डोकें ठेवून भाषांतरकार आपल्या भाषांतरावर निजत असे. ह्या काळांत ॲन रोज अधिकाऱ्यांच्या दारीं हेलपाटे घाली, लांच देई, अन्न पोंचवी. १८२५ च्या जानेवारींत तिला मुलगी झाली; तिचें नांव मारिया.

२ मे १८२५ रोजीं कैद्यांस एकाएकीं आंगबिनले गांवाकडे अनवाणी हांकीत नेलें. वाटेंत एक ग्रीक कैदी मेला. त्या गडबडींत जडसनजवळच्या वस्तु रखवालदारांनीं वांटून घेतल्या. ज्याच्या हातीं उशी आली त्यानें वरचें वेष्टण सोडून ठेवून घेतलें व आंतला कापसाचा घट्ट गोळा निरुपयोगी म्हणून फेंकून दिला. थोड्या वेळानें मौंग इंग हा जडसनच्या घरचा ब्रह्मी ख्रिस्ती मनुष्य तेथें आला. मालकाची एवढीच खूण राहिली असें मनांत आणून त्यानें तो गोळा उचलिला व घरीं नेला. आंत काय आहे हें त्यास ठाऊक नव्हतें. कित्येक महिन्यांनीं कापूस उकलला, तेव्हां आंत हस्तलिखित धडधाकट मिळालें.

पुढें तह ठरविण्यासाठीं दोन्ही भाषा जाणणारे लोक पाहिजे होते, म्हणून जडसन व प्राइस यांस बाहेर काढण्यांत आलें. २४ फेब्रुवारी १८२६ रोजीं यांदाबो येथें तह झाला; आराकान व तनासरीम हे प्रांत इंग्रजांकडे गेले आणि राजावर एक कोटि रुपयांचा दंड बसला. मंडळी तनासरीमांत नव्या वसलेल्या अॅमहर्स्ट गांवीं रहावयास आली. तेथें २४ ऑक्टोबर १८२६ रोजीं, नवरा सरकारी कामासाठीं आव्यास गेला असतां, ॲन तापानें वारली. सहा महिन्यांनीं मारियाहि गेली.

५. साधनांविषयीं

कारावासाच्या हकीगतीचें मुख्य साधन म्हणजे ॲननें सुटकेनंतर १८२६ च्या मे महिन्यांत आपल्या दिराला लिहिलेलें दीर्घ पत्र. दुसरें साधन त्याच तुरुंगांतील इंग्रज व्यापारी हेन्री गूजर याचें १८६० मध्यें छापलेलें आत्मवृत्त. उशीची गोष्ट फ्रान्सिस वेलंड यानें १८५३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या जडसनच्या चरित्रांत येते. म्हणजे घटनेनंतर सुमारें अठ्ठावीस वर्षांनीं. तिचा गाभा संशयास्पद मानण्यास आम्हांस कारण दिसत नाहीं; मात्र बारीक तपशील आठवणींतून आलेला आहे हें ध्यानांत ठेविलें पाहिजे.

ह्या साधनांत एक मोठी पोकळी आहे, व ती शत्रूनें पाडलेली नाहीं. जडसननें स्वतःविषयींचे खाजगी कागद व जुनीं पत्रें बुद्ध्या नष्ट करविलीं. आपली कीर्ति मागें राहूं नये अशी त्याची धारणा होती. ॲननेंहि आव्यास असतां, झडतीच्या भयानें, जवळचीं पत्रें नाहींशीं केलीं. ग्रंथाचें हस्तलिखित वांचविण्यासाठीं ज्यांनीं एवढा जीव टाकिला त्यांनींच स्वतःचे कागद राखिले नाहींत, ही गोष्ट संशोधकास चुटपुट लावणारी आहे.

ब्रह्मी सरकारच्या बाजूनेंहि एक शब्द लिहिला पाहिजे. जडसनचे पैसे बंगालवरील हुंड्यांनीं येत व ते गूजरमार्फत मिळत. गूजरच्या हिशेबवह्यांत ह्या रकमा सांपडल्या. शत्रूच्या मुलखांतून इंग्रज व्यापाऱ्याच्या हातून पैसा घेणारा परदेशी मनुष्य हेर नव्हे, हें युद्धाच्या ऐन गर्दींत कोणत्या राजाचे अधिकारी समजूं शकले असते? तुरुंगांतील क्रौर्याचें समर्थन आम्हांस करावयाचें नाहीं. परंतु संशय निराधार नव्हता एवढें नमूद केलें पाहिजे. युद्धानंतर मंडळीनें आपलें ठाणें इंग्रजी मुलखांत नेलें. छापखान्यास निर्भय जागा मिळाली हें खरें. पण ह्यापुढें ब्रह्मी माणसाच्या नजरेंत उपदेशक व जेता हे शेजारी शेजारी उभे राहिले, हेंहि खरेंच.

६. फलित

मंडळी पुन्हा जमली ती मौलमीन येथें. सेफस बेनेट हा मुद्रक १८३० मध्यें आला. त्याच्या देखरेखीखालीं उशींतील नवा करार १८३२ मध्यें छापून निघाला. संपूर्ण बायबलाचें भाषांतर ३१ जानेवारी १८३४ रोजीं हातावेगळें झालें, व तपासून सुधारलेली आवृत्ति १८४० मध्यें निघाली. त्यानंतर जडसन कोशाकडे वळला. इंग्रजी-ब्रह्मी भाग १८४९ मध्यें त्यानें पुरा केला. ब्रह्मी-इंग्रजी भाग दुसऱ्यानें पुरा करून १८५२ मध्यें प्रसिद्ध केला. कारण १२ एप्रिल १८५० रोजीं, हवापालटासाठीं निघालेल्या गलबतावर, जडसन मरण पावला व त्याचा देह समुद्रास देण्यांत आला.

धर्मप्रसाराच्या दृष्टीनें फळ आलें तें अनपेक्षित ठिकाणीं. खुद्द ब्रह्मी बौद्धांत उपदेशाचा प्रवेश फार थोडा झाला. परंतु को था ब्यू हा करेण जातीचा मनुष्य, जो पूर्वायुष्यांत दरोडे घालीत असे, त्यानें १८२८ मध्यें बाप्तिस्मा घेतला, आणि त्याच्या फिरतीमुळें करेण लोकांत गांवेंच्या गांवें ख्रिस्ती होऊं लागलीं. ह्या लोकांस लिपि नव्हती. जोनाथन वेड यानें ब्रह्मी अक्षरांवरून त्यांस लिपि करून दिली. म्यानमारच्या २०१४ च्या जनगणनेंत बौद्धांचें प्रमाण शेंकडा ८७.९ व ख्रिस्त्यांचें ६.२ दिसतें, आणि त्या ख्रिस्त्यांत करेण, चिन, काचिन अशा डोंगरी जातींचा भरणा मोठा आहे. म्हणजे ज्यांच्या पाली शब्दांवर भाषांतर उभें राहिलें त्यांनीं आपला धर्म सोडला नाहीं, आणि तरीहि तो ग्रंथ त्यांच्या भाषेंत टिकला. जडसनचें भाषांतर आजहि तेथील चर्चमध्यें वाचिलें जातें.

आतां मूळ गोष्टीकडे येऊं. रखवालदारानें उशीचें वेष्टण ठेविलें व गाभा टाकिला. आम्हीं वाड्यांत तेंच केलें. फरक इतकाच कीं, त्यास आंत कागद आहे हें दिसत नव्हतें, आणि आम्हांस दिसत होतें. मौंग इंग अक्षरांचा जाणता म्हणून नव्हे, तर माणसाची आठवण म्हणून एक गबाळा गोळा घरीं घेऊन गेला, आणि ब्रह्मी भाषेंतील एक मोठा ग्रंथ वांचला. आमच्या संग्राहक मित्रांस एवढीच विनंति कीं, जुन्या घरांतून मिशन-छापखान्यांचीं पुस्तकें निघाल्यास त्यांचा धर्म कोणता हें पाहून तीं बाजूस सारूं नयेत. मुखपृष्ठ, वर्ष, छापण्याचें ठिकाण, ठशांची जात व प्रतींची संख्या दिली असल्यास ती, एवढें एका कागदावर टिपून ठेवावें आणि मंडळाकडे कळवावें. मोडी ठशांचें एखादें पुस्तक कोणाकडे असेल तर तें पहाण्यास आम्ही स्वखर्चानें येऊं.